टीव्ही नवा, चित्र अंधूक: दोष पडद्याचा की वाटेचा?

उज्जैनच्या फ्रीगंज भागातील टावर चौक ही त्या शहराची गजबजलेली बाजारपेठ. चौकातील घड्याळाच्या मनोऱ्यावरून त्याला हे नाव पडले. अशा कोणत्याही बाजारपेठेतील दुकानात भिंतीवर ओळीने लावलेले दूरचित्रवाणी संच पाहणाऱ्याला खिळवून ठेवतात. फुलाच्या पाकळीवरील दवबिंदू मोजता यावेत, इतके ते चित्र स्पष्ट असते. तोच संच घरी येतो, भिंतीवर चढतो आणि संध्याकाळी नेहमीची मालिका सुरू होताच घरातील मंडळी एकमेकांकडे पाहू लागतात. चेहरे पुसट, अक्षरांच्या कडा फाटलेल्या, हालचालीच्या वेळी चौकोनी ठिपके. जुना, जाडजूड टीव्ही यापेक्षा बरा होता, असे कुणीतरी म्हणतेच.

ही तक्रार उज्जैनची आहे, तशीच पणजी, मडगाव, डिचोली आणि काणकोणचीही आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या दूरचित्रवाणी संचांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे मोठा पडदा अधिक घरांच्या आवाक्यात आला. मात्र पडदा जितका मोठा, तितका हा अपेक्षाभंगही मोठा दिसतो. अशा वेळी काही जण संच परत करण्याचा तगादा लावतात, काही जण महागड्या तारा विकत घेतात, तर काही जण मनातल्या मनात हळहळत हप्ते फेडत राहतात. वास्तविक बहुतेक वेळा संचात दोष नसतो. चित्र ज्या वाटेने पडद्यापर्यंत येते, त्या वाटेवर कुठेतरी ते खालावलेले असते. हे ठिकाण घरच्या घरी, एकही पैसा खर्च न करता शोधता येते. त्यासाठी तपासणीचा क्रम तेवढा ठाऊक हवा.

दुकानातील चित्र वेगळे का?

दुकानात दाखवले जाणारे चित्र सहसा कोणत्याही वाहिनीचे नसते. कंपनीने खास तयार केलेली ध्वनिचित्रफीत तेथे संचाच्या स्मृतीतून किंवा पेन ड्राइव्हवरून फिरत असते. ती पडद्याच्या पूर्ण क्षमतेची असते. तिच्यातील हालचाल संथ, रंग गडद आणि प्रकाश भरपूर असतो. शिवाय संच ‘दुकान’ या पर्यायावर लावलेला असतो. दुकानातील झगझगीत दिव्यांत उठून दिसावे म्हणून या पर्यायात प्रखरता आणि रंग कमाल पातळीवर नेलेले असतात. नवा संच प्रथम सुरू करताना तो ‘घर’ की ‘दुकान’ असे विचारतो. घाईत चुकीचा पर्याय निवडला गेला, तर दिवाणखान्यात चेहरे तांबूस आणि गवत झगझगीत हिरवे दिसू लागते. सेटिंगमध्ये जाऊन हा पर्याय बदलणे, ही पहिली आणि सर्वांत सोपी दुरुस्ती होय.

पाचपट आणि वीसपटीचे गणित

अंधूकपणाचे खरे कारण मात्र अंकगणितात दडले आहे. भारतात दूरदर्शनचा प्रारंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाला आणि १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आले. या प्रणालीत एक चित्र ६२५ ओळींचे असे. त्यांपैकी ५७६ ओळीच प्रत्यक्ष चित्राच्या. प्रक्षेपण डिजिटल झाले तरी हे माप कायम राहिले. आजची साधी, म्हणजे एसडी वाहिनी फार तर ७२० बाय ५७६ बिंदूंची असते. गुणाकार केला की एका चित्रात ४,१४,७२० बिंदू भरतात.

फुल एचडी पडद्यावर १९२० बाय १०८०, म्हणजे २०,७३,६०० बिंदू असतात. ही संख्या एसडीच्या बरोबर पाचपट आहे. फोर-के पडद्यावर ३८४० बाय २१६०, म्हणजे ८२,९४,४०० बिंदू असतात. ती बरोबर वीसपट आहे. याचा अर्थ सरळ आहे. फोर-के संचावर साधी वाहिनी लावली, तर पडद्यावरील दर वीस बिंदूंपैकी एकाचीच माहिती बाहेरून येते. उरलेले एकोणीस बिंदू संच शेजारच्या बिंदूंवरून अंदाजाने रंगवतो. हा अंदाज चांगल्या संचात बरा आणि स्वस्त संचात ढोबळ असतो. पण अखेर तो अंदाजच. आलेच नाहीत ते बारकावे कोणताही संच निर्माण करू शकत नाही.

मग जुना टीव्ही बरा का वाटत असे? त्याचा पडदा लहान होता, हे एक कारण. २१ इंची जुन्या चौकटीच्या तुलनेत ४३ इंची रुंद पडद्याचे क्षेत्रफळ साडेतीनपटीहून अधिक भरते. तेच मोजके बिंदू आता साडेतीनपट जागेत पसरावे लागतात. दुसरे कारण काचेच्या नळीचे. तिच्यावरील प्रत्येक ओळीची चमक शेजारच्या ओळीत किंचित मिसळत असे आणि त्या मिसळण्यात दोष झाकले जात. नवा सपाट पडदा असे काही झाकत नाही. आलेले चित्र जसे आहे तसे, दोषांसकट मोठे करून दाखवतो.

उज्जैनहून गोव्यापर्यंतची वाट

चित्र कुठे खालावते, हे समजण्यासाठी एक उदाहरण घेता येईल. उज्जैनच्या ज्या महाकालेश्वर मंदिराचा जीर्णोद्धार १८ व्या शतकात राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी केला, तेथील पहाटेची भस्म आरती प्रसिद्ध आहे. श्रावणी सोमवारी किंवा महाशिवरात्रीला तेथील दर्शन दूरचित्रवाणीवर किंवा इंटरनेटवर पाहणारी घरे गोव्यातही आहेत. टावर चौकापासून मंदिर काही किलोमीटरवर, तर गोवा शेकडो किलोमीटर दूर. असे असूनही उपग्रह वाहिनीवरून तेच दर्शन दोन्हीकडे पाहिले, तर टावर चौकालगतच्या घराला अंतराचा कोणताही लाभ मिळत नाही. पृथ्वीपासून सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवरील उपग्रहापर्यंत चित्र जाते आणि तेथून साऱ्या देशावर एकाच वेळी उतरते. डिजिटल प्रक्षेपणात चित्र अंतरामुळे पुसट होत नाही. ते पुसट होते आवळल्यामुळे.

कॅमेऱ्यातून निघणारी माहिती इतकी प्रचंड असते, की ती जशीच्या तशी पाठवणे परवडणारे नसते. म्हणून ती दाबून लहान केली जाते. या क्रियेचे तत्त्व साधे आहे. एका चित्रातून पुढच्या चित्रात जे बदललेले नाही, ते पुन्हा पाठवायचे नाही. बदललेला भाग तेवढा पाठवायचा. बातम्या वाचणारी व्यक्ती स्थिर बसलेली असते, मागचा पडदाही हलत नाही. त्यामुळे तिचे चित्र थोड्या माहितीत नीट उमटते. गाभाऱ्यात मात्र उजेड कमी, ज्योती हलत्या आणि भस्माचा धूर क्षणाक्षणाला आकार बदलणारा. चित्राचा प्रत्येक भाग दर क्षणी नवा. ठरलेल्या मर्यादेत ही माहिती मावत नाही आणि मग धुराच्या जागी चौकोनी ठिपके उमटतात. शिगमोत्सवातील गुलाल, दूधसागरचा धबधबा, पावसातील फुटबॉलचा सामना ही दृश्येही याच कारणाने फाटलेली दिसतात.

एका उपग्रह वाहकावर किंवा केबलच्या एका तारेवर अनेक वाहिन्यांना वाटा द्यावा लागतो. वाहिन्या वाढल्या की प्रत्येकीचा वाटा आक्रसतो. म्हणूनच एकाच क्षमतेच्या दोन वाहिन्यांची चित्रे एकाच संचावर वेगवेगळ्या दर्जाची दिसू शकतात. ही गोष्ट प्रेक्षकाच्या हाती नाही. पुढील पाच गोष्टी मात्र त्याच्या हाती आहेत.

पहिली तपासणी: वाहिनी खरोखर एचडी आहे का?

एचडी टीव्ही घेतला म्हणजे सर्व वाहिन्या एचडी होतात, हा सर्वांत मोठा गैरसमज. एकाच वाहिनीच्या दोन आवृत्त्या असतात. त्यांचे क्रमांक वेगळे, दर वेगळे आणि नावापुढे ‘एचडी’ ही अक्षरे असतात. दूरदर्शनने आपली एचडी वाहिनी २०१० च्या दिल्लीतील राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांच्या वेळी सुरू केली. स्टार प्रवाह, कलर्स मराठी आणि झी मराठी या मनोरंजन वाहिन्यांच्या एचडी आवृत्त्या २०१६ मध्ये आल्या. अनेक घरांत मात्र बोटांना सवय झालेला जुना क्रमांकच दाबला जातो आणि एचडी पडद्यावर एसडी वाहिनी वर्षानुवर्षे पाहिली जाते.

या वाहिन्यांसाठी तीन गोष्टी एकत्र जुळाव्या लागतात. सेट टॉप बॉक्स एचडी असावा लागतो, वाहिनी एचडी निवडावी लागते आणि तिचे पैसे भरलेले असावे लागतात. १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झालेल्या ‘ट्राय’च्या दरव्यवस्थेने एकाच वाहिनीची एसडी व एचडी आवृत्ती एकाच संचात देण्यास मनाई केली आणि वाहिन्या मोजताना एक एचडी वाहिनी दोन एसडी वाहिन्यांइतकी धरली. त्यामुळे खर्च आटोक्यात ठेवायचा असेल, तर घरात रोज पाहिल्या जाणाऱ्या चार-पाच वाहिन्याच एचडी घेणे शहाणपणाचे. रिमोटवरील माहितीचे बटण दाबले की काही बॉक्स वाहिनीचा दर्जा पडद्यावर दाखवतात.

‘डीडी फ्री डिश’ वापरणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झालेल्या या सेवेला मासिक शुल्क नाही आणि तिच्यावरील बहुतांश वाहिन्या एसडी आहेत. तेथे चित्र मऊ दिसणे हा बिघाड नव्हे.

दुसरी तपासणी: तार कोणती?

बॉक्स एचडी, वाहिनीही एचडी आणि चित्र तरीही अंधूक असेल, तर संचामागे वाकून पाहावे. पिवळी, पांढरी आणि लाल अशा तीन टोकांची जुनी तार अजूनही अनेक घरांत जोडलेली आढळते. त्यांपैकी सगळे चित्र एकट्या पिवळ्या तारेतून येते आणि तिच्यातून एचडी चित्र जाऊच शकत नाही. महिनाभराचे एचडीचे पैसे त्या एका तारेपाशी वाया जातात. तिच्या जागी एचडीएमआय तार लावली, की फरक तत्क्षणी दिसतो. तार बदलल्यावर रिमोटने संचाचा स्रोत ‘एचडीएमआय’ निवडावा लागतो, हे विसरू नये.

त्यानंतर बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्राचे माप पाहावे. तेथे ५७६ हा आकडा निवडलेला असेल, तर एचडीएमआय तारेतूनही एसडी चित्रच बाहेर पडते. तो बदलून १०८० करावा. तारेच्या किमतीबाबत मात्र भुलू नये. एचडीएमआय तारेतून अंकांच्या रूपात माहिती जाते. ती नीट पोहोचली तर साधी तार आणि सोन्याचा मुलामा दिलेली महाग तार यांच्या चित्रात फरक नसतो. तार खराब असेल तर पडद्यावर ठिणग्यांसारखे ठिपके उडतात किंवा चित्र मध्येच नाहीसे होते. रंग फिके पडणे किंवा चेहरे पुसट होणे हे तारेच्या दोषाचे लक्षण नव्हे.

तिसरी तपासणी: संकेत पुरेसा आहे का?

जुन्या काळी अँटेना हलली की पडद्यावर मुंग्या येत. डिजिटल चित्राचे तसे नाही. संकेत एका मर्यादेपर्यंत कमी झाला तरी चित्र स्वच्छ राहते. ती मर्यादा ओलांडताच ते तुकड्यातुकड्यांनी फुटते, थिजते आणि आवाज तुटतो. म्हणजेच चित्र सतत पुसट दिसत असेल, तर छत्रीला दोष देण्यात अर्थ नाही. चित्र मध्येच फुटत असेल, तरच छतावर चढावे.

गोव्यात अशा फुटण्याची कारणे ठरलेली आहेत. घरोघरी येणारे उपग्रह प्रक्षेपण ज्या लहरींवर येते, त्या लहरी मुसळधार पावसात क्षीण होतात. आषाढ-श्रावणातील सरींत काही मिनिटे चित्र जाणे हा बिघाड नाही. पाऊस ओसरला की ते परत येते. दुसरे कारण झाडांचे. देशातील घरोघरी प्रक्षेपण करणारे उपग्रह गोव्यातून पाहता साधारण आग्नेय दिशेला येतात. फ्री डिशचा जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. छत्री बसवताना मोकळी असलेली ती दिशा दोन-तीन पावसाळ्यांत आंब्याच्या फांद्यांनी किंवा माडाच्या झावळ्यांनी झाकली जाते. तिसरे कारण खाऱ्या हवेचे. किनारपट्टीवरील घरांत तारेच्या टोकावरील जोडणी गंजते आणि तिच्यात पाणी शिरते. केबलच्या बाबतीत एका तारेला अनेक फाटे फोडल्यानेही संकेत कमजोर होतो. बॉक्सच्या मेन्यूत संकेताची ताकद आणि दर्जा दाखवणारे दोन पट्टे असतात. कोरड्या दिवशीही दर्जाचा पट्टा खालीच राहत असेल, तर तंत्रज्ञाला बोलवावे.

चौथी तपासणी: इंटरनेटचा वेग आणि भिंती

अॅपवरून चित्रपट किंवा थेट दर्शन पाहताना चित्राचा दर्जा क्षणोक्षणी बदलतो. वेग कमी झाला की चित्र थांबू नये म्हणून अॅप आपणहून दर्जा खाली आणते. नेटफ्लिक्सच्या शिफारशीनुसार फुल एचडी चित्रासाठी सेकंदाला ५ मेगाबिट आणि फोर-के चित्रासाठी १५ मेगाबिट वेग हवा. कागदावर १०० मेगाबिटची जोडणी असूनही हा वेग टीव्हीपर्यंत पोहोचतोच असे नाही. जांभ्या दगडाच्या जाड भिंतींची जुनी घरे उन्हाळ्यात थंड राहतात, पण त्याच भिंती वाय-फायच्या लहरी शोषून घेतात. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान असतो, मात्र भिंतीपलीकडे तो लवकर दमतो. राउटर दिवाणखान्यात आणावा किंवा टीव्हीला थेट तारेने जोडावा. तार ही या प्रश्नावरची सर्वांत खात्रीची तोड.

वेग पुरेसा असूनही चित्र खालच्या दर्जाचे दिसत असेल, तर घेतलेली योजना तपासावी. काही सेवांच्या स्वस्त योजनांत फुल एचडी किंवा फोर-के चित्र मिळतच नाही. यूट्यूबवर सेटिंगच्या खुणेवर जाऊन दर्जाचा आकडा हाताने निवडता येतो. मात्र चित्रीकरणच कमी दर्जाचे असेल, तर तेथे मोठा आकडा उपलब्धच नसतो.

पाचवी तपासणी: संचाचे स्वतःचे पर्याय

चित्र सुधारण्यासाठी म्हणून दिलेले काही पर्याय ते बिघडवतात. ‘शार्पनेस’ वाढवल्याने बारकावे वाढत नाहीत. कडांभोवती पांढरी रेघ तेवढी उमटते आणि एसडी वाहिनीवर ती विद्रूप दिसते. हा आकडा निम्म्याहून खाली आणला, की चेहरे पुन्हा माणसांचे वाटू लागतात. आवाजासारखे दिसणारे ठिपके पुसणारा ‘नॉइज रिडक्शन’ हा पर्याय एसडी वाहिनीवर थोडा उपयोगी पडतो, पण चांगल्या एचडी चित्रावर तो त्वचेचे आणि वस्त्राचे पोत पुसून टाकतो. हालचाल गुळगुळीत करणारा पर्याय दोन चित्रांमध्ये काल्पनिक चित्रे घुसवतो. क्रिकेटच्या सामन्यात तो काहींना रुचतो, चित्रपट मात्र त्यामुळे नाटकाच्या तालमीसारखा दिसू लागतो. वीज वाचवणारा पर्याय पडदा मंद करतो. रात्री ते चालते, दिवसा खिडकी उघडी असताना चित्र काळवंडते.

रुंदीचा पर्यायही पाहावा. जुने कार्यक्रम ४:३ या जवळजवळ चौरस मापात चित्रित झाले आहेत, तर नवा पडदा १६:९ मापाचा आहे. जुने चित्र ताणून पडदाभर केले की माणसे रुंद आणि बुटकी होतात. दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसले तर ते दोषाचे नव्हे, योग्य मापाचे लक्षण आहे. चित्रप्रकारांपैकी ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ टाळून ‘सिनेमा’ किंवा ‘स्टँडर्ड’ निवडावा. २०१९ मध्ये जाहीर झालेला ‘फिल्ममेकर मोड’ ज्या संचांत आहे, तेथे तो चित्रपटांसाठी उत्तम ठरतो. प्रत्येक कंपनीने या पर्यायांना आपापली नावे दिली आहेत. नाव वेगळे दिसले तरी काम तेच असते.

किती दूर बसावे?

निरोगी डोळा साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा ओळखतो. या हिशेबाने ४३ इंची फुल एचडी पडद्याचे बिंदू सुमारे १.७ मीटरच्या पलीकडून वेगळे दिसत नाहीत. तितक्या किंवा अधिक अंतरावरून पाहणाऱ्याला त्याच मापाच्या फोर-के संचातील जादा बिंदूंचा फारसा लाभ नाही. याच पडद्यावरील एसडी वाहिनीच्या ५७६ ओळींचा विरळपणा सव्वातीन मीटरच्या आत बसले की जाणवू लागतो. ५५ इंची पडद्यावर हेच अंतर चार मीटरवर जाते. बैठकीची खोली १० फुटांची असेल आणि घरात प्रामुख्याने साध्या वाहिन्याच पाहिल्या जात असतील, तर मोठा पडदा घेणे म्हणजे अंधूकपणा विकत घेणे होय. ज्येष्ठांना जवळ बसावे लागत असेल, तर त्यांच्या दोन-तीन आवडत्या वाहिन्या एचडी करून देणे हा मोठ्या पडद्यापेक्षा स्वस्त आणि परिणामकारक उपाय ठरतो.

दोष संचाचाच असेल तर

वाट आणि पडदा यांतील फरक ओळखण्याची एक निर्णायक कसोटी आहे. मोबाइलने दिवसाउजेडी चांगल्या दर्जाचे छायाचित्र आणि छोटी ध्वनिचित्रफीत घ्यावी, ती पेन ड्राइव्हवर घालून थेट संचाला लावावी. बॉक्स, तार, छत्री आणि इंटरनेट हे सारे टप्पे यात गळून पडतात. चित्र स्वच्छ दिसले, तर संच निर्दोष आहे. त्यातही पडद्यावर उभी-आडवी रेघ, एका कोपऱ्यात काळा डाग, न पेटणारा ठिपका किंवा एका बाजूचा प्रकाश कमी दिसला, तर दोष पडद्याचा आहे आणि तो कोणत्याही सेटिंगने जाणार नाही.

अशा वेळी दिरंगाई करू नये. बदलून देण्याची मुदत अनेकदा मोजक्या दिवसांचीच असते. दोषाची छायाचित्रे काढावीत, पावती आणि संचाचा अनुक्रमांक जवळ ठेवावा, तक्रार लेखी नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. खोक्यावरील मजकूरही वाचावा. ‘एचडी रेडी’ आणि ‘फुल एचडी’ या एकच गोष्टी नाहीत. ‘एचडी रेडी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या ३२ इंची संचांत सहसा १३६६ बाय ७६८, म्हणजे फुल एचडीच्या निम्मेच बिंदू असतात. फुल एचडी सांगून असा संच दिला गेला असेल, तर ती दिशाभूल ठरते. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष वस्तू आणि दिशाभूल करणारी जाहिरात या दोन्हींविरुद्ध दाद मागता येते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीवर प्रथम तक्रार नोंदवता येते आणि तेथे तोडगा न निघाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाचे दार खुले असते.

खरेदीपूर्वीचा शहाणपणा

काही मर्यादा मात्र मान्य कराव्याच लागतात. दूरदर्शनच्या जुन्या मालिका ज्या ओळींत चित्रित झाल्या, त्या ओळी वाढवता येत नाहीत. घरच्या लग्नाची जुनी व्हिडिओ कॅसेट सीडीवर उतरवली तरी ती एचडी होत नाही. अशा चित्रांसाठी पडद्याचा आकार थोडा लहान करून, शार्पनेस उतरवून, थोडे दूर बसून पाहणे हाच उपाय.

ज्यांची खरेदी अजून व्हायची आहे, त्यांना दोन गोष्टी दुकानातच करता येतात. स्वतःच्या मोबाइलने घेतलेले चित्रण पेन ड्राइव्हवर घालून बरोबर न्यावे आणि ते लावायला सांगावे. त्यानंतर संच ‘घर’ या पर्यायावर आणून घरात रोज पाहिली जाणारी साधी वाहिनी दाखवण्याचा आग्रह धरावा. टावर चौक असो वा मडगावची बाजारपेठ, दुकानदाराकडे केबलची किंवा छत्रीची जोडणी असतेच. दवबिंदूंचे चित्र सगळेच संच सुरेख दाखवतात. आठ वाजताची मालिका कोणता संच सुसह्य दाखवतो, हे पाहून पैसे मोजावेत.